कड नसलेलं नाक

तिच्या नाकाला पलीकडच्या बाजूने कडच नाही. डच चित्रकार योहानेस व्हर्मीरने १६६५च्या सुमारास रंगवलेलं ‘मोत्याचा डूल घातलेली मुलगी’ हे चित्र समोर ठेवा आणि नाकाचा दांडा व त्यामागचा गाल यांच्यामधली रेषा शोधा. सापडत नाही. दोन्हीकडे जवळजवळ एकच उजळ, उबदार रंग आहे. तरीही नाक दिसतं, सरळ आणि गालाच्या पुढे आलेलं. नाकपुडीखालची जराशी सावली आणि अलीकडच्या बाजूचा काळोख एवढ्यावर पाहणाऱ्याची नजर उरलेली कड स्वतः पुरी करते. जुन्या चित्राची नक्कल कशासाठी करायची, याचं माझ्या मते सगळ्यात पटणारं उत्तर या नाकात आहे. हजारदा चित्र पाहूनही ही गोष्ट ध्यानात येत नाही. ब्रश हातात घेऊन ती रेषा ओढायची वेळ येते, तेव्हा कळतं की ओढायला रेषाच नाही.

नक्कल म्हटलं की आपल्याकडे थोडी नाकं मुरडली जातात. पण तैलरंगाचं शिक्षण शतकानुशतकं असंच झालं आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी १८७२पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला तैलरंगात करत होते. त्यांच्यातलेच पेस्तनजी बोमनजी पुढे नामांकित व्यक्तिचित्रकार झाले. त्या नकलांपैकी कितीतरी लंडनमध्ये १८८५च्या आगीत जळाल्या. हातात उतरलेलं शिक्षण मात्र चित्रकारांपाशी राहिलं.

शिकण्यासाठी हेच चित्र का, तर ते लहान आहे: ४४.५ सेंटिमीटर उंच, ३९ सेंटिमीटर रुंद. उजेड एकाच बाजूने, चित्राच्या डावीकडून येतो. हात नाहीत, खोली नाही, सामान नाही. एक चेहरा, निळा-पिवळा फेटा, पिवळट तपकिरी अंगरखा, पांढऱ्या कॉलरची एक पट्टी आणि मोती. शिवाय हे कुणा ठरावीक बाईचं व्यक्तिचित्र नाही. अशा कल्पित चेहऱ्याच्या चित्राला डच लोक ‘ट्रोनी’ म्हणत. चित्र द हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे आणि संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याचं मोठं, बारीक तपशिलाचं छायाचित्र बघायला मिळतं. सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की २०१८मध्ये संग्रहालयाने या चित्राची सखोल शास्त्रीय तपासणी केली. वरच्या रंगाखाली काय आहे, कोणता थर आधी आणि कोणता नंतर, हे आज बरंच ठाऊक आहे. म्हणून इथे नुसत्या दिसण्याची नक्कल करण्याऐवजी क्रमाची नक्कल करता येते. माझ्या लेखी शिकण्याची नक्कल ती हीच. वरवरचा रंग जुळवत गेलं तर हाती एक बरं चित्र लागतं. क्रम जुळवला तर रंगवण्याची रीत हाती लागते.

आधी संदर्भ. मोबाइलच्या पडद्यावरून रंगवू नये. पडदा मागून उजळलेला असतो, त्यामुळे पांढरा अति पांढरा आणि सावली अति काळी दिसते. नक्कलही तशीच भडक होते. मूळ आकाराची, मॅट कागदावरची चांगली छपाई करून घ्यावी आणि ती इझलवर कॅनव्हासला लागून, त्याच उजेडात लावावी. पडदा वापरायचा तो फक्त डोळा, ओठ, मोती मोठे करून पाहण्यासाठी.

कॅनव्हास बारीक विणीचा हवा. लिनन उत्तम, नसेल तर घट्ट विणीचा सुती चालतो. साधा मांजरपाट ताणून घेतला तर त्याची जाड वीण चेहऱ्याच्या नाजूक छटांमधून वर येते आणि ओठांच्या कोपऱ्याशी ब्रश अडखळतो. जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात द्यावेत: पहिला उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. प्रत्येक हात सुकल्यावर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासावं. फार गुळगुळीत केलं तर रंग पकड घेत नाही, घसरतो. अगदी पांढऱ्या पृष्ठभागावर चेहरा रंगवणं नवशिक्याला जड जातं, कारण तिथे कुठलीही छटा गडदच वाटते. म्हणून वर राखाडी-भुऱ्या रंगाचा एक पातळ हात द्यावा. हा हात अॅक्रिलिकचा दिला तर तासाभरात पुढचं काम सुरू करता येतं. तेलावर अॅक्रिलिक मात्र कधीही नाही. ते सोलून निघतं.

रेखाटनासाठी चौकटी आखाव्यात. ३९ सेंटिमीटर रुंदीत तीन-तीन सेंटिमीटरच्या बरोबर तेरा चौकटी बसतात. उंचीत चौदा आणि वर थोडी पट्टी उरते. चेहऱ्यापुरत्या त्याच चौकटी निम्म्या, दीड सेंटिमीटरच्या कराव्यात. छपाईच्या मागे रंग चोळून ट्रेस करणं सोपं असतं, पण पहिल्या नकलेत ते टाळावं असं माझं ठाम मत आहे. ट्रेसिंगमध्ये हात बाह्यरेषेवर चालतो आणि डोक्यात बाह्यरेषाच बसते. चौकटीत मात्र दोन बिंदूंमधलं अंतर आणि उतार मोजावा लागतो. तिचं डोकं जरा कललेलं आहे, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना जोडणारी रेषा आडवी नाही. तो कल सुटला की मुलगी खांद्यावरून वळून पाहत नाही, नुसती समोर बघत बसते. डोळ्यांचा कल, ओठांच्या फटीचा कल आणि फेट्याच्या खालच्या काठाचा कल या तीन रेषा आधी पक्क्या कराव्यात. बाकीचं रेखाटन मग त्यांच्या आधाराने जागेवर येतं.

आता रंग. पार्श्वभूमीचा एक पिवळा सोडला तर नक्कल सात ट्यूबमध्ये होते: टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर, व्हर्मिलियनच्या जागी कॅडमियम रेड लाइट, गडद गुलाबी पारदर्शक लाल, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरिन आणि आयव्हरी ब्लॅक. लाल घेताना जुनी अलिझरिन क्रिम्सन टाळावी, ती उजेडात फिकी पडते. क्विनाक्रिडोन नावाच्या रंगद्रव्यावर आधारलेला लाल टिकतो. व्हर्मीरकडचा पारदर्शक लाल कोचिनियल किड्यांपासून आलेला होता. त्याचा निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा. तो तेव्हा अतिशय महाग होता, तरीही त्याने फेट्यात सढळ हाताने वापरला. तोच रंग १८२८पासून कारखान्यात बनू लागला, म्हणून आज तो आपल्याला परवडतो.

पांढऱ्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण पहिल्या नकलेत चेहरा बिघडतो तो बहुधा पांढऱ्यामुळे. व्हर्मीर शिशाचा पांढरा वापरत असे. तो किंचित उबदार, थोडा पारदर्शक आणि लवकर सुकणारा. पण विषारी, म्हणून घरी वापरू नये. टायटेनियम व्हाइट विसाव्या शतकात आला. तो थंड आणि अतिशय अपारदर्शक आहे, आणि मिश्रणात इतर रंगांना गिळून टाकतो. चेहरा खडूसारखा दिसू लागला की समजावं, उजळ करायचं म्हणून प्रत्येक छटेत पांढरा ढकलला गेला आहे. उपाय दोन. टायटेनियमच्या ट्यूबमधून काढलेल्या पांढऱ्यातच आधी चिमूटभर ऑकर मळून ठेवावा आणि तोच आपला ‘पांढरा’ मानावा. आणि छटा उजळ करताना पांढऱ्याबरोबर कणभर लालही घालावा, म्हणजे ती थंड पडत नाही. झिंक मिसळलेला पांढरा घेऊ नये. त्याचा थर कालांतराने ठिसूळ होतो.

पहिला थर तपकिरी-काळ्याचा. तपासणीत दिसलं की व्हर्मीरनेही आधी तपकिरी आणि काळ्या छटांमध्ये उजेड-सावली मांडून घेतली आणि मग रंगाकडे वळला. बर्न्ट अंबरमध्ये अगदी थोडा काळा, टर्पेंटाइनने पातळ करून, सावलीच्या जागा भरायच्या: अलीकडचा गाल, जबड्याखालचा भाग, मान, फेट्याच्या घड्या. उजेडाच्या जागा तशाच सोडायच्या. जास्त लागलेला रंग कापडाने पुसून उजेड बाहेर काढायचा. या थरात काळा कमी ठेवण्यामागे कारण आहे. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो भराभर सुकतो. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश सुकतो. खाली ओला काळा आणि वर लवकर सुकणारा थर असं झालं की वरच्या थराला तडे जातात.

हाच नियम पुढे सगळीकडे लागतो: खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. जास्त तेलाचा थर सावकाश सुकतो आणि सुकताना बराच काळ हलत राहतो. म्हणून पहिला थर रंग आणि टर्पेंटाइन. दुसरा ट्यूबमधला रंग जसाच्या तसा. तिसऱ्यात एक भाग स्टँड ऑइल (तापवून दाट केलेलं जवसाचं तेल) आणि दोन भाग टर्पेंटाइन असं मिश्रण, म्हणजे मिडियम; तेही, पातळ पारदर्शक हात सोडले तर, रंगाच्या पाचव्या भागाहून जास्त नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, सुकण्याचा वेळ वाढतो. बोट लावून रंग चिकटतो का, हे प्रत्येक थराआधी कडेला पाहावं आणि कॅलेंडरवर भरवसा ठेवू नये. कॅनव्हासची मागची बाजूही मोकळी हवा खाईल असा ठेवावा, नाही तर भिंतीकडच्या अंगाला बुरशी धरते. सुकण्यासाठी अंधाऱ्या कपाटात ठेवलेलं चित्र पिवळट पडतं. उजेडाची खोली बरी.

त्वचेसाठी पॅलेटवर आधी पाच ढीग करावेत आणि मगच कॅनव्हासला हात लावावा. सगळ्यात उजळ ढीग: सहा भाग पांढरा, एक भाग ऑकर, पाव भाग लाल. दुसऱ्यात पांढरा चार भाग, लाल अर्धा. मधल्या ढिगात पांढरा आणि ऑकर सारखे, लाल अर्धा आणि अंबरचा ठिपका. चौथा ऑकर, अंबर आणि पारदर्शक लालाचा, पांढरा जेमतेम. पाचवा अंबर, पारदर्शक लाल आणि चिमूटभर अल्ट्रामरिन, पांढरा अजिबात नाही. या पाचव्या ढिगात पांढरा शिरला की सावली राखाडी आणि धुरकट होते. तिच्यातली ऊब जाते. ढीग तयार झाले की डोळे किलकिले करून पाहावं. शेजारच्या दोन ढिगांतला फरक मिटत असेल तर ते दोन ढीग नाहीत, एकच आहे.

लावताना उजेड जाड, सावली पातळ. सावलीत खालचा तपकिरी थर थोडा दिसत राहिला पाहिजे. त्यातूनच तिच्या मानेला खोली येते. आधी पाचही छटा आपापल्या जागी ठोकळ्यांसारख्या शेजारी-शेजारी बसवाव्यात, न मिसळता. दुरून चेहरा वळलेला दिसू लागला की मग रुंद, मऊ, कोरड्या ब्रशने फक्त सीमा हलक्या पुसाव्यात, दोन-तीन फटक्यांत. प्रत्येक फटक्यानंतर ब्रश कापडाला पुसावा. सीमा पुसताना हात थांबत नाही आणि पाचाच्या जागी एकच गुलाबी गुळगुळीत रंग पसरतो, हा फार सर्रास घडणारा बिघाड. त्यावर आणखी रंग चोपडून उपयोग नसतो. पॅलेट नाइफने तेवढा भाग खरवडून काढावा आणि पुन्हा लावावा. तैलरंग ओला असेपर्यंत ही मुभा देतो.

नाकाशी आल्यावर पलीकडची बाजू आणि गाल एकाच ढिगातून, एकाच वेळी रंगवावेत. मग थांबावं. इथे न रंगवणं हेच काम आहे.

डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नाही. उजेडाकडच्या डोळ्यातही तो निळसर राखाडी आहे आणि सावलीकडच्या डोळ्यात त्याहून गडद. शुद्ध पांढरा तिथे गेला की डोळे वटारल्यासारखे दिसतात. बुबुळातला चमकेचा ठिपका एकेकच, वर डावीकडे. पापण्यांचे केस साध्या नजरेला दिसत नाहीत. २०१८च्या तपासणीत ते सूक्ष्म केस आढळले, पण नक्कल करणाऱ्याने ते काढायला जाऊ नये. नंबर शून्यचा ब्रशसुद्धा त्या मापाला जाडच असतो. ओठांना बाह्यरेषा नाही, लाल रंग त्वचेत विरत जातो. खालच्या ओठावर ओलसर चमक आहे आणि तोंडाच्या कोपऱ्यात फिकट गुलाबी ठिपका. तो १९९४च्या जीर्णोद्धारात, पिवळं पडलेलं वार्निश आणि जुनी डागडुजी काढल्यावर उघडा झाला. त्याआधीच्या छपायांवरून ज्यांनी नकला केल्या, त्यांना तो मिळालाच नाही. म्हणून जुन्या पुस्तकातली छपाई संदर्भाला घेऊ नये.

फेट्याची निळी बाजू सोपी वाटते, पण अल्ट्रामरिन तेलकट आणि सावकाश सुकणारा रंग आहे. उजेडात तो पांढऱ्यासह, सावलीत पांढऱ्याशिवाय, खालच्या गडद थरावर पातळ. घड्या मोजत बसू नये. तीन-चार मोठे पट्टे, उजेडाकडून सावलीकडे. मागे लोंबणारा पिवळा भाग ऑकर आणि पांढऱ्याचा, त्याच्या छायेत अंबर. कॉलर हीच चित्रातली सर्वांत जाड पांढरी जागा. ती एकदाच भरघोस रंग घेऊन लावावी आणि सोडून द्यावी.

मोती सगळ्यात शेवटी. तो मुळात मोती नाहीच: मानेच्या सावलीत वर डावीकडे जाड पांढऱ्याचा एक थेंब आणि खाली कॉलरचा उजेड परत फेकणारा मऊ, अर्धपारदर्शक पट्टा. वर कानात अडकवायचा हूकसुद्धा व्हर्मीरने काढलेला नाही. मोती गोल आखून राखाडी भरला की तो बिल्ल्यासारखा चिकटलेला दिसतो. खालचा पट्टा पांढऱ्यात पुष्कळ मिडियम घालून, पुसल्यासारखा लावावा. वरचा थेंब पूर्ण भरलेल्या ब्रशच्या टोकाने, एकाच स्पर्शात. बिघडला तर कापडाने टिपून पुन्हा. पण त्याच ठिपक्यावर दुसरा हात नको.

राहिली पार्श्वभूमी, आणि इथे नक्कल करणाऱ्याला एक खरा निर्णय घ्यावा लागतो. आज ती काळी, काहीशी डागाळलेली दिसते. व्हर्मीरने ती तशी रंगवली नव्हती. काळ्या थरावर त्याने नीळ आणि वेल्ड नावाच्या झाडाचा पिवळा मिळून पारदर्शक हिरवा हात दिला होता, आणि तपासणीत तिथे हिरव्या पडद्याच्या घड्यांच्या खुणाही सापडल्या. हे दोन्ही रंग उजेडात टिकत नाहीत; ते उडाले आणि काळं उरलं. मग नक्कल कशाची करायची, आज उरलेल्या चित्राची की त्याने पुरं केलेल्या चित्राची? मी हिरव्याच्या बाजूने आहे. पडद्याच्या घड्या कल्पनेने काढू नयेत, तेवढी माहिती आपल्या हाती नाही. पण सुकलेल्या काळपट थरावर अल्ट्रामरिन आणि एखाद्या टिकाऊ पारदर्शक पिवळ्याचा हिरवा हात जरूर द्यावा. एक भाग रंग, तीन भाग मिडियम. इथे अल्किड, म्हणजे लवकर सुकणाऱ्या कृत्रिम राळेचं मिडियम वापरलं तर तो हात दिवसभरात सुकतो. कॅनव्हास आडवा ठेवून लावावा, नाही तर रंग खाली ओघळून काठाशी साचतो. तो हात बसताच चेहऱ्याची ऊब वाढलेली दिसते, चेहऱ्याला न शिवता. खालच्या थरांनी आणि शेजारच्या रंगाने चेहरा घडतो, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या अभ्यासात कळत असेल असं मला वाटत नाही. हा हात देताना गालाची कड आणि तिला भिडणारा हिरवा रंग दोन्ही किंचित ओले ठेवावेत. सुकी, धारदार कड राहिली तर चेहरा कापून डकवल्यासारखा दिसतो.

काम सुरू असताना काही जागा निस्तेज, कोरड्या पडतात, विशेषतः अंबरच्या. खालच्या थराने तेल शोषलेलं असतं. तिथे जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात चोळून लगेच कापडाने पुसून घ्यावा, रंग पुन्हा खरा दिसतो. शेवटचं वार्निश सहा महिने ते वर्षभर थांबून. आणि तेलाने भिजलेली कापडं चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत: सुकताना उष्णता साठून ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवावीत. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी असावी.

मूळ चित्रावरच्या बारीक भेगा आणि व्हर्मीरची वर डावीकडची सही उतरवू नये. कॅनव्हासच्या मागे ‘व्हर्मीरवरून’ असं लिहून आपलं नाव आणि साल घालावं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात परवानगीने नकला करणाऱ्यांना तर कॅनव्हास मूळ चित्रापेक्षा किमान एक पंचमांशाने लहान किंवा मोठा ठेवावा लागतो. घरच्या अभ्यासाला तो नियम नाही, पण नाव घालण्याची सचोटी हवी.

नक्कल सुकत असतानाच दुसरा कॅनव्हास तयार करावा. घरातल्या कुणाला तरी डावीकडच्या खिडकीपाशी बसवावं, मागे गडद चादर टांगावी आणि तोच क्रम पुन्हा चालवावा. ढीग मात्र बदलतील. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेला सगळ्यात उजळ ढिगातही पांढरा दोन भागांहून जास्त लागत नाही. ऑकरबरोबर बर्न्ट सिएना घ्यावा लागतो. चौथ्या-पाचव्या ढिगात पारदर्शक लाल वाढतो. खिडकीच्या उजेडाची चमक अशा त्वचेवर निळसर, थंड पडते, म्हणून तिथे पांढऱ्यात कणभर अल्ट्रामरिन मिसळावा आणि तो कपाळ, नाकाचं टोक आणि गालाचं हाड एवढ्याच जागी ठेवावा.